सातव्या ब्लॉकमधली शाई

रविवार, ता. २

आज पुन्हा भाषण. नव्या सर्जन मंडळींची कार्यशाळा होती, आणि "पॅथॉलॉजीच्या बाजूने कोणीतरी दोन शब्द" बोलायचे होते. दोन शब्द म्हणजे मी चाळीस मिनिटं घेतली. मला बोलावतात त्यांना हे ठाऊक असतं.

तेच सांगितलं. लहान मुलाच्या किडनीतली गाठ काढून आमच्याकडे येते तेव्हा ती नुसती गाठ नसते, पुरावा असतो. गाठ आवरणाच्या आत होती की कडेपर्यंत पोचली होती, यावर मुलाचे पुढचे सगळे उपचार ठरतात. म्हणून आधी तिच्या बाहेरच्या अंगाला शाई लावायची, मग कापायची. मायक्रोस्कोपखाली ती शाई म्हणजे कुंपण. गाठीच्या पेशी कुंपणाच्या आत असल्या तर ठीक. शाई थेट पेशींना चिकटलेली दिसली, तर काहीतरी मागे राहिलंय. आणि आधीच कापून ठेवलं तर शाई ओघळून आत शिरते. मग कुंपण कुठलं आणि अंगण कुठलं, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. "आधी शाई, मग सुरी!" टेबलावर हात आपटून म्हणाले. टाळ्या.

हेच वाक्य आमच्या लॅबमध्ये कापायच्या टेबलावर माझ्या अक्षरात पंधरा वर्षं लटकलंय.

घरी आले तर ताई म्हणाली, "टाळ्या किती?"

"मोजल्या नाहीत."

"म्हणजे पुष्कळ."

पाय सुजलेत. लॅबमधला दुसरा डॉक्टर नोकरी सोडून गेला त्याला तीन महिने झाले. त्याच्या जागेचं विचारलं की अधीक्षक म्हणतात, "जाहिरात दिली आहे," आणि अशा थाटात म्हणतात की जणू माणूसच जन्माला घातला. तोवर मी एकटी. उद्या सोमवार, हे लिहितानाच दमले.

मंगळवार, ता. ४

एकेचाळीस रिपोर्ट. सकाळपासून बसायला मिळालं ते फक्त मायक्रोस्कोपसमोर.

तीन वाजता बापूची केस आली. बापू म्हणजे आमचा लहान मुलांचा सर्जन, कॉलेजात माझ्याच वर्गातला. सगळं हॉस्पिटल त्याला बापू म्हणतं. चार वर्षांची मुलगी, डावी किडनी. आई आंघोळ घालत होती तेव्हा साबणाचा हात पोटावरून फिरताना काहीतरी टणक लागलं. अशा गाठी बहुतेक वेळा अशाच सापडतात, आईच्या हाताला. आमच्या सगळ्या यंत्रांच्या आधी.

नानांनी वजन केलं, पाचशे वीस ग्रॅम. चारी बाजूंनी फोटो काढले. नाना माझे तंत्रज्ञ, बावीस वर्षं बरोबर आहेत. तेवढ्यात ताईचा फोन, गीझर गळतोय म्हणून. हातांत ग्लोव्ह्ज, फोन खांद्यात धरून बोलत होते. बोलता बोलता किडनी उघडली. करडी-गुलाबी गाठ, मऊ, मधे थोडं रक्त साकळलेलं. वरच्या टोकाला उरलीसुरली चांगली किडनी, नखाच्या चंद्रकोरीसारखी. शाईची बाटली जागेवर नव्हती. नाना घेऊन आले आणि टेबलाकडे बघत दारातच उभे राहिले.

"बाई, पण हे तर..."

"नाना, बाटली द्या. भाषणं मी करते."

शाई लावली, सगळीकडून, नीट. फॉर्मालिनमध्ये ठेवली. उद्या तुकडे घेऊन मेणात बसवायचे, त्यांचे ब्लॉक करायचे. मग बाकीचं ढीगभर काम होतंच. डोळे मिटतायत, अक्षर वाकडं चाललंय. पुरे.

गुरुवार, ता. ६

मुलीच्या स्लाइड आल्या. या गाठीसमोर बसले की मला नेहमी तेच वाटतं. गर्भात किडनी घडत असताना काही पेशींना पुढचा निरोपच मिळाला नाही, आणि त्या चार वर्षं तिथेच, अर्धवट कामावर बसून राहिल्या. कुठे नुसत्या निळ्या गोल पेशींची गर्दी, कुठे धाग्यांसारख्या लांबट पेशी, आणि कुठे कुठे चक्क नळ्या घडवायचा प्रयत्न. किडनी व्हायला निघालेली आणि वाट चुकलेली गाठ. जिवावर उठते तीही बिचारी आपलं काम करतेय असं समजून.

तरी जात बरी आहे. ज्या राक्षसी, वेड्यावाकड्या केंद्रकांची भीती असते ती सगळ्या स्लाइडवर शोधली, एकही नाही. बापूने काढून पाठवलेल्या सातही लसिकाग्रंथी स्वच्छ.

पण सातवा ब्लॉक. पेशींवर थेट शाई. दोनदा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. शाईच.

म्हणजे आवरण फाटलं होतं. काढताना बापूच्या हातून फाटलं असणार, दुसरं काय! म्हणजे स्टेज तीन.

नाना म्हणाले, "सातवा ब्लॉक नेमका कुठून घेतलाय, नकाशा बघता का?"

"मीच घेतलाय, नाना."

"हो. तरी... फोटोही आहेत."

"फोटो बघून स्टेज ठरत नसते."

नाना स्लाइडचा ट्रे उचलून गेले. हल्ली त्यांचंही काही खरं नाही. आज आतड्याची केस घेतली तर सुरी जागेवर नाही. बावीस वर्षं ती उजव्या हाताला असते. माझी शाई लावून वाळेपर्यंत शोधत होते, मग कुठूनशी आणून दिली. वय झालं त्यांचं.

शुक्रवार, ता. ७

सकाळी मीटिंग. दर शुक्रवारी आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसतो आणि एकेका मुलाचं ठरवतो. मुलांच्या कॅन्सरची डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी, तिने मला विचारलं, "मॅडम, स्टेज?"

मी मांडलं. गाठ किडनीच्या आत आणि पूर्ण निघाली तर एक. थोडी बाहेर पोचली, किंवा किडनीच्या मधल्या खोबणीतल्या रक्तवाहिन्यांत शिरली, तरी सगळी निघाली असेल तर दोन. पोटात काही राहिलं, फाटलं, सांडलं, तर तीन. इथे खोबणीतल्या एका शिरेत पेशी आहेतच. तेवढंच असतं तर दोनवर थांबले असते. पण सातव्या ब्लॉकमध्ये कडेलाच शाई आहे. तीन.

बापू म्हणाला, "मी अख्खी दिली तुला. आवरण आरशासारखं होतं."

"आरशाला तडे जातात, बापू."

"गेले असते तर मला दिसले असते."

"मग शाई पेशींवर काय हवा खायला गेली?"

टेबलाशी कोणीतरी हसलं. त्या हसण्याने मला जोर आला असावा. मी बोलत गेले. पुरावा म्हणजे काय, अहंकार म्हणजे काय, आणि आपल्या वयाला आपण सगळ्यांनीच काय कबूल करायला हवं. "हात थरथरायला लागले तर ते हातांनी सांगावं लागतं. माणूस कधी सांगत नाही." हे शेवटचं वाक्य. तयार केलेलं नव्हतं, आपोआप आलं.

बापूने समोरची फाइल मिटली. आमची पस्तीस वर्षांची ओळख. मला तो "वक्तेबाई" म्हणून चिडवतो. आज पेनाला टोपण लावलं.

ठरलं. पोटाच्या डाव्या बाजूला रेडिएशन, येत्या गुरुवारपासून, आणि दोन औषधांऐवजी तीन. तिसरं हृदयाला जपून द्यावं लागतं. शंका असेल तिथे वरची स्टेज धरावी, कारण कमी उपचारांनी मूल गेलं तर परत आणता येत नाही. यावर माझा विश्वास आहे, आणि कोणाच्याही पुढे उभी राहून मी हे सांगेन.

जिंकले असं काही वाटलं नाही. नुसतं घरी जावंसं वाटलं.

सोमवार, ता. १०

मी पेशंट बघत नाही, पेशंटचे तुकडे बघते. आज मुलीचे वडील लॅबच्या दारात उभे. हातात टोपी, नखांत भुसा. सुतार आहेत.

"तुम्हीच ना, ज्यांनी तिसरी स्टेज काढली?"

जणू मी कपाटातून काढली. हो म्हटलं.

"डॉक्टरीणबाईंनी समजावलं सगळं. रेडिएशन दिलं त्या बाजूचं हाड पुढे कमी वाढतं म्हणाल्या. मणका वाकू शकतो." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "मला एवढंच विचारायचंय, नक्की आहे ना? नक्की असेल तर द्याच. माझं काही म्हणणं नाही. पण आमच्याकडे एक बाजू दोन सूत कमी भरली ना, तर कपाट आयुष्यभर वाकडं उभं राहतं. दार लागत नाही."

मी त्यांना बसवलं आणि सांगितलं. जीव आधी, उंची नंतर, मोठ्या लढाईत लहान किंमत. चांगलं बोलले. ते मान हलवत ऐकत होते.

"तसंच आहे," उठताना म्हणाले. "आम्ही पण आधी खूण करतो, मगच करवत लावतो. तुम्ही खूण केलीच असेल."

"आमचा तर तो नियमच आहे," मी म्हटलं, आणि टेबलावरची पाटी दाखवली. त्यांनी ती सावकाश, ओठ हलवत वाचली. नमस्कार करून गेले. नाना पाठमोरे उभे राहून आधीच स्वच्छ असलेल्या बाटल्या पुसत होते.

कळलं की बापूने उद्याचं ऑपरेशन धाकट्या सर्जनला दिलं. मी काही त्याला सुरी खाली ठेव म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं का?

माझ्या टेबलावर शुक्रवारपासून एक पाकीट पडलंय, वर नानांच्या अक्षरात केस नंबर. बघायला वेळ झाला नाही. सुरी आजही जागेवर नव्हती.

मंगळवार, ता. ११, सकाळ

आत्ताच लिहून ठेवते.

सातला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. त्यांच्या छतातून पाणी टपकतंय, आमच्या गीझरचं. ते गेल्यावर मी ताईवर उखडले, की गळतोय एवढं सांगितलंस, प्लंबरला मी बोलवायचं हे कधी सांगितलंस?

"मागच्या मंगळवारी. फोनवर. तू 'बोलावते' म्हणालीस."

"मी असं काही म्हणालेच नाही."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! शब्दन् शब्द सांगू? तू म्हणालीस, 'ताई, बोलावते, ठेव आता. किडनी उघडून बसलेय आणि शाईचा पत्ता नाही.' मला तर ऐकूनच कसंतरी झालं. मी हातातला चहा खाली ठेवला."

"असं मी म्हणणं शक्य नाही. शाई लावल्याशिवाय मी किडनी उघडत नाही."

"ते तू जगाला सांगतेस. मला जे ऐकू आलं ते मी सांगतेय."

चाळीस वर्षं शाळेत मुलांना उभं करून खरं वदवून घेतलेली बाई. तिला खोटं पाडायचं म्हणून मी ही वही आणली. चार तारीख काढली आणि मोठ्याने वाचायला लागले. "बोलता बोलता किडनी उघडली." पुढे वाचलं. "शाईची बाटली जागेवर नव्हती."

तिथे थांबले. ताईने चष्म्यावरून पाहिलं. तिला वाटलं, मी प्लंबरचं शोधतेय.

"असू दे गं," ती म्हणाली, "पाणीच आहे, पुसता येतं."

तोच दिवस, सायंकाळ

आधी पाकीट उघडलं. चार फोटो. अख्खी किडनी, चारी बाजूंनी. आवरण सलग, दिव्याचा उजेड त्यावर चमकतोय. आरशासारखं. शाईचा टिपूस नाही. पाचवा फोटो ब्लॉकच्या नकाशाचा. सातवा ब्लॉक माझ्याच पहिल्या कापाच्या ओठावरून घेतलेला. गाठ उघडल्यावर आवरण मागे सरकतं, आतलं मांस फुगून वर येतं, आणि मग शाई त्याच्यावर बसते. हे मी दर वर्षी शिकवते. चित्र काढून.

"नाना, का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो की."

"कधी?"

"बाई, तुम्ही बोलायला लागल्यावर मधे फट कुठे असते?" मग खाली बघून, "पण माझंही चुकलं. ओरडून सांगायला हवं होतं. पोरीचा प्रश्न होता. मला वाटलं, फोटो बघाल."

कॅन्सरच्या डॉक्टरला फोन केला. गुरुवारचं रेडिएशन थांबव म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, आम्हाला दिवस मोजावे लागतात, फार थांबता येणार नाही." ठाऊक आहे म्हटलं. बरणीतून किडनी बाहेर काढली. माझ्या कापापासून लांब, सगळ्या कडेने आणखी चोवीस तुकडे घेतले. जेवले नाही. भूकच नव्हती.

बुधवार, ता. १२

चोवीस स्लाइड. प्रत्येकीवर आवरण सलग, शाई बाहेर, पेशी आत. सातव्यातली शाई कापाच्या रेषेने आत ओघळलेली आहे, आता शेंबड्या पोरालाही दिसेल. मला गुरुवारी दिसली नव्हती, कारण मी ती बघतच नव्हते. मी बापूचे हात बघत होते.

शिरेतल्या पेशी आहेतच. म्हणजे स्टेज दोन. पण माझ्या एकटीच्या डोळ्यांवर आता कोणी विश्वास ठेवू नये, मीही नाही. सगळ्या स्लाइड आणि फोटो दुसऱ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवले. चिठ्ठीत झालं ते सगळं लिहिलं.

गुरुवार, ता. १३

उद्याची मीटिंग आज बोलावली. मीच बोलावली. सगळे होते, बापूही. सगळ्यात लांबच्या खुर्चीवर.

मी उभी राहिले. कागद नव्हता. म्हटलं, "किडनी अख्खी आली होती. शाई लावण्याआधी मी कापली. बापूच्या हातून काही झालेलं नाही. मागच्या शुक्रवारी मी इथे जे बोलले ते खोटं होतं, आणि हातांबद्दल जे बोलले ते खोटं तर होतंच, वर नीचही होतं."

एवढंच. मिनिटही लागलं नाही. माझं आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण, आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही.

अधीक्षक घाईघाईने म्हणाले, "एकटीवर केवढा ताण आहे, होतं असं." मी म्हटलं, ताण आहे, माणूस हवाच आहे, त्यासाठी मी तुमच्याशी उद्यापासून भांडणार आहे. पण आजच्या वाक्यात त्याला घुसवू नका.

जाताना बापू माझ्या खुर्चीमागून गेला. क्षणभर वाटलं थांबेल. थांबला नाही.

सुधारित रिपोर्टाच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना आहे. तिथे लिहिलं: तपासणाऱ्या डॉक्टरने शाई लावण्याआधी किडनी कापली. खाली तपासणाऱ्या डॉक्टरची सही करायची असते. केली.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," आणि पुढचं गिळून टाकलं. बहिणीने म्हणीचा उरलेला भाग गिळावा, यापेक्षा मोठी दया मला या आठवड्यात मिळालेली नाही.

सोमवार, ता. १७

बाहेरून उत्तर आलं. स्टेज दोन. रेडिएशन नाही, तिसरं औषध नाही. दोनच औषधं, ती सुरूही झाली.

वडिलांना मी स्वतः सांगायचं ठरवलं. वॉर्डबाहेर भेटले. चूक माझी होती, कशी झाली, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे खूण न करताच कापलंत," ते म्हणाले.

"हो."

"पाटी तर लावलेली होती."

"हो."

त्यांनी मान हलवली, जशी एखादं लाकूड बिघडवलेल्या जाणत्या कारागिराकडे बघून हलवतात. "सरळ वाढेल ना आता?" म्हटलं, रेडिएशनमुळे तरी वाकणार नाही. बाकीचं मी शब्द देऊन सांगू शकत नाही. शक्यता फार चांगली आहे, पण शब्द नाही. "हे बरं बोललात," म्हणाले आणि आत गेले. दार उघडं राहिलं तेवढ्यात दिसली. छोटीशी, पलंगावर उभी, नर्सला स्वतःचं इंजेक्शन बाहुलीला द्यायला लावत होती.

गुरुवार, ता. २०

साडेबाराला लॅबचं दार उघडलं आणि बापू आत आला. ऑपरेशनचे हिरवे कपडे, हातात बरणी. आजवर त्याने नमुना स्वतः आणून दिला नव्हता.

"दोन वर्षांचा मुलगा. उजवी," म्हणाला. "मीच केलं." बरणी टेबलावर ठेवली आणि गेला नाही. हाताची घडी घालून पाटीखाली उभा राहिला.

"जेवायला नाही जायचं?"

"तू लाव शाई. मी बघतो."

मला राग आला का? शोधला, सापडला नाही. वजन झालं, फोटो झाले. किडनी हातात फिरवून त्याला चारी बाजू दाखवल्या. तो वाकून बघत होता. मग शाई. खालून, वरून, खाचांतून. आम्हा दोघांचेही हात थोडे थरथरतात. हे त्यालाही दिसलं असणार.

"वाळू दे," बापू म्हणाला.

"माहीत आहे."

"माहीत होतंच तुला, वक्तेबाई."

वाळेपर्यंत तिघंही उभे होतो. कोणी बोललं नाही, मीसुद्धा. मग सवयीने उजवा हात पुढे केला. सुरी जागेवर नव्हती. मी नानांकडे वळले, काहीतरी खरमरीत बोलणार होते.

नानांनी शाईला बोट लावून पाहिलं. बोट कोरडं निघालं. तेव्हा त्यांनी खिशातून किल्ली काढली, आपल्या स्टुलाजवळचा खण उघडला, आत फडक्यात गुंडाळलेली सुरी घेतली आणि मूठ माझ्याकडे करून दिली.

खणाला कुलूप पाच तारखेपासून आहे. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

"राहू दे तिथेच," मी म्हटलं.